दाभोळ, साडेअकराची फेरी

धोपाव्याच्या धक्क्यावर तिकिटावरूनच सुरू झालं.
"मी काढतो." "नको, मी काढतो."
अकरा वर्षं चिपळूणच्या कोर्टात
एका गडग्यावरून, चार कलमांवरून
समोरासमोर उभे राहिलेले आबा आणि भिवाकाका
बोटीवाल्यापुढे नोटा धरून उभे.
ज्याचे सुट्टे, त्याचे त्याने घेतले.
आबांचे.

बोटीत दोन टेम्पो, गॅसच्या टाक्या,
माहेरी निघालेली एक नवी नवरी, आणि आम्ही नऊजण.
काकूच्या मांडीवर तांदळाच्या बोरांचा डबा.
आईने आपला डबा त्याच्यावर ठेवला,
हलू नये म्हणून.

"शहर कुठाय?" मृणाने विचारलं.
तिला मी सांगितलं होतं:
इथे अरबी घोडे उतरायचे,
इथून मक्केची गलबतं सुटायची,
आणि पाचशे वर्षांमागे, डिसेंबरात,
फिरंग्यांनी सगळं पेटवून दिलं.
"हेच ते."
समोर मोबाइलचं दुकान, रिक्षा,
दोरीवर सुकत घातलेले बोंबील.
"हे जळलेलं दिसत नाही."

नाहीच दिसत.
राख निवली का हे हाताने बघून
कुणीतरी पहिली चूल मांडली असणार.
तिचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.
(तिचं म्हणते मी. चूल म्हटलं की तीच.)

मशिदीच्या पायऱ्यांवर बसलो. घुमटावर पारवे.
चहा घेऊन आलेले दर्वेशचाचा म्हणाले,
आमची विहीर खणली ना,
तेव्हा दोन पुरुष खाली काळा थर लागला, बोटभर.
त्याच्याखाली पाणी.
गोडं? काकूने विचारलं.
जरा मचूळ. पण चालतं.

"पण जाळलं का?"
आबा आणि काका एकदम बोलायला लागले.
एकदम थांबले.
पारवे उडाले, फिरून तिथेच बसले.
"चहा घे गो," काका म्हणाला. मृणा चहा पीत नाही.

परतताना तिच्या मुठीत एक काळा तुकडा:
"शहराचा."
"कुणाच्या चुलीतला कोळसा असेल," काका.
आबांनी तो घेतला, नखाने खरवडला,
परत तिच्या हातात दिला.
"असेल," म्हणाले.
कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

येतानाचं तिकीट काकाने काढलं.
आबा पाण्याकडे बघत होते,
सुट्टे पैसे मुठीत तसेच.