दोष आढळला नाही

हिंगणा एमआयडीसी, मार्चचा तिसरा आठवडा,
पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एक्केचाळीस.
माझ्या टेबलावर पाण्याची बादली,
बादलीत कूलरचा पंप,
पंपाच्या वायरीला माझा मीटर.
काटा हलला की गळती.
नाही हलला की पुढचा.

आठशे पंपांचा लॉट. तपासायचे पाच.
हा हिशेब माझा नाही,
मी यायच्या आधीपासून तो भिंतीवर चिकटवलेला आहे,
उदबत्तीच्या कॅलेंडरशेजारी.

पॉलिटेक्निकला बांगरे सर म्हणायचे,
आधी धरून चाला की माल चांगला आहे,
हीच शून्य परिकल्पना.
मग तिच्यावर खटला भरा.
पुरावा मिळाला तर ती पडली.
नाही मिळाला तर
(इथं खडू थांबायचा)
तर ती सुटली, पोरंहो. खरी ठरली नाही. सुटली.
आम्ही ते वहीत उतरवलं अन् डबे उघडले.

गेल्या वर्षी मी एक चांगला लॉट अडवला.
पाचातल्या दोघांवर काटा नाचला होता.
दोन दिवस लाइन बंद,
पॅकिंगच्या बायांचा ओव्हरटाइम बुडाला,
मग कळलं, मीटरचीच अर्थिंग ढिली.
निर्मला नंदेश्वर तेव्हापासून
माझ्या डब्यातलं लोणचं घेत नाही.
पहिल्या प्रकारची चूक ही अशी,
तिला नाव असतं, ती जिन्यात भेटते,
मान फिरवून वर जाते.

दुसऱ्या प्रकारची
कारखान्यात परत येत नाही.
ती ट्रकात बसते, इतवारीत उतरते,
तिथून महाल, पाचपावली, कामठी,
कुठल्याशा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर
वाळ्याच्या ओल्या वासात राहते,
आणि मे महिन्यात कुणीतरी
टाकीत पाणी किती उरलं ते हात घालून बघतं.
पेपरात चार ओळी येतात.
चार ओळींत लॉट नंबर नसतो.

काल रात्री लाइटच्या बिलामागं आकडेमोड केली.
शंभरात चार पंप खराब असतील
आणि मी पाचच उचलले,
तर एकही खराब हाती न लागण्याची शक्यता
साडेएक्क्याऐंशी टक्के.
दोनदा केलं. तेवढीच.
म्हणजे शंभरातून एक्क्याऐंशी वेळा
मी मान डोलावणार.
साठ उचलले तर जेमतेम नऊ वेळा.
सर याला परीक्षणाची शक्ती म्हणायचे,
जे आहे ते दिसण्याची ताकद.
मला वाटायचं, चष्म्याच्या नंबरासारखं असेल काही.
ती तर घड्याळातून येते,
एका पंपाला चार मिनिटं, साठांना चार तास.

"चार तास?" येवले साहेब.
"अवो मॅडम, ट्रक उभा हाय,
ड्रायव्हर बोंबलून राह्यला.
पाचच्या पाच पास झाले ना?"
झाले.
"मंग?"

मंग काय.
मी बिल उलटं करून पुढं ठेवलं.
त्यांनी वाचलं नाही, पण घाम पुसला.
"वीस करा. त्याच्या वर एक नाही."

वीस. सुटण्याची शक्यता चव्वेचाळीस.
नाणं उडवण्यापेक्षा जरा बरं.
ऐंशी मिनिटं मी काट्याकडे पाहत बसले.
नाही हलला.
मला आनंद व्हावा की नाही
ते कळेना.

रजिस्टरचा शिक्का म्हणतो: निर्दोष.
मी त्यावर रेघ मारून लिहिलं:
वीस तपासले, दोष आढळला नाही.
क्लार्क म्हणाला, एकच तर आहे.
ट्रक वाडीच्या नाक्याकडे वळला.

घरी आले तर पोरगा
पाइप घेऊन कूलर भरायला निघालेला.
थांब. आधी बटण. मग पिन काढ.
"आई, तुझ्याच कंपनीचा तर पंप आहे."

मी पिन काढते,
आणि टाकी भरेपर्यंत
ती मुठीत धरून उभी राहते.