उत्तरेची भिंत

जांबोटीच्या माळावर त्या रात्री हिव असं उतरलं
की सकाळी नाचणीच्या खुंटांवर
मीठ सांडल्यागत पांढरं.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या सुंद्राकाकूनंही
असलं एकदाच पाहिलेलं म्हणे.

आणि आमचा गिलावा परवाचा. ओला.
नवऱ्यानं म्हापशाहून फोनवर बजावलेलं,
पाणी मारत रहा, सिमेंट पाण्यावर जगतं.
म्हणून रात्री दहाला पाइप घेऊन
मी उत्तरेची भिंत नखशिखांत भिजवली.
इरबसप्पा जाताना म्हणाला होता,
रात्री नीर ब्याड, अक्का.
मला कन्नड कळत नाही असं नाही.

सकाळी बोट फिरवलं
तर भिंत बोटाला आली,
रव्यासारखी.

त्यानं शिव्या दिल्या नाहीत.
विडी कानावर ठेवली, थापी उलटी धरली
आणि भिंत वाजवत निघाला
फणस पिकला का बघावा तशी.
इथं ठण. इथं ठण.
इथं भद्द.
भद्दभोवती कोळशाचा गोल.
खिडकीखाली इतके गोल जमले
की पोरगी म्हणाली, आई, ही कुठली बाराखडी?

आत शेकोटी लावू का? लवकर वाळेल.
ब्याड. घाई केली की तडकतंय.
मेलेलं तेवढं काढायचं,
जितं आहे त्याला हात लावायचा नाही.
वीट दिसेस्तोवर खरवडायचं, झाडायचं,
उन्हं वर आल्यावर ओलवायचं, मग नवा माल,
आणि दिवस मावळायच्या आत गोणपाट.
घराला गोणपाट!
मी हसले.
मग तांदळाची सहा पोती उसवत बसले.

पाचला फोन. फोटो पाठव की.
मी दक्षिणेच्या भिंतीचा पाठवला.
झकास आलंय, म्हणाला, शिमग्याला येतो,
यंदा नक्की.
फोन कानाला घट्ट धरून
मी त्या ‘नक्की’वर हळूच बोट मारून पाहिलं.
गोल काही काढला नाही.

ठिगळांचा रंग जरा गडद आलाय.
चुना मारला की दिसणार नाही, इरबसप्पा म्हणतो,
मराठीत म्हणतो, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून.
दिसू दे, मी म्हटलं.

आता नऊ वाजलेत. वारा चोर्ल्याकडनं.
भिंत गोणपाट पांघरून उभी आहे.
पाइप मी खुंटीला टांगलाय
आणि दोन्ही हात
बगलेत घालून बसलेय.