लाभ, दोन, तीन

आमच्या घरी एक हा आकडा नव्हता.
पायलीने धान मोजताना आई म्हणायची, लाभ.
मग दोन. मग तीन.
पहिलीत गुरुजींनी उभं केलं तेव्हा मीही तसंच म्हटलं
आणि अख्खा वर्ग हसला.
ढिवरांची मालता तेवढी हसली नाही,
तिच्याही घरी एक नव्हता.

दोन एकर. चार बांध्या, चौघींना नावं:
बोडीखालची, लांबी, मोहाची,
आणि जिच्यात पाणी ठरतच नाही ती भुकेली.
भुकेलीत हलकं धान, दिवाळीच्या आत हाती येणारं.
बोडीखाली आणि लांबीत भारी.
मोहाच्या बांधीत, कोपऱ्यात,
दोन लुगडी पसरावीत एवढ्या जागेत चिन्नोर.
ते विकायचं नाही.
ते बाळंतिणीचं, पाहुण्याचं,
तापातून उठलेल्याचं.

पऱ्ह्यांची पेंडी डाव्या हातात,
चिखलात रोवत रोवत आई मागे सरकायची,
आणि तिच्यापुढे हिरवं होत जायचं.
धुऱ्यावर बसून मला वाटायचं,
ही उलटी चालत कुठे निघाली.

नंतर कळलं कुठे ते.
नऊ पोती ढोलीत, वर्षाच्या भाताची.
एक बियाण्याचं, त्याला कुणी हात लावायचा नाही.
तणीस बैलांना, कोंडा कोंबड्यांना,
कणी आंबिलीला.
पाच पोती म्हणजे माझा कम्प्युटरचा कोर्स.
शेवटचं पोतं शिवताना बाबांनी विचारलं होतं,
त्या पेटीत धान दिसते का गा?

दिसतं, बाबा.
आता मी संस्थेच्या खरेदी केंद्रावर बसते.
नाव, सातबारा, बँकेचं खातं, ओलावा.
सतरा टक्क्यांपर्यंत घ्यायचं, त्यावर नाही.
यंत्रात मूठभर धान टाकलं की
आकडा थोडा वेळ थरथरतो, मग ठरतो.

टोकन एकतीस.
सयत्राबाई दुधराम मुंगमोडे.
टेंभुर्ण्यांच्या ट्रॉलीत अर्ध्या भाड्यावर आलेली पोती,
आणि पोत्यांवर बसून आलेली आई.
अठरा पूर्णांक दोन.
मी पुन्हा टाकलं.
अठरा पूर्णांक दोन.
रांगेतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.
वाळवून आणा, मी म्हटलं.
जन्मात पहिल्यांदा तिला
अहो-जाहो केलं.

ती काही बोलली नाही.
गोदामामागे ताडपत्री अंथरली,
पोती सोडली,
आणि अनवाणी पायांनी धान फिरवत राहिली
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तिच्या मागे धानात नांगरासारख्या रेघा.
दुपारी मी गेले. जावं की नाही, यात
अर्धी सुट्टी गेली होती.
तिने डबा उघडला. भात, लाखोळीचं वरण, मिरची.
जेव, म्हणाली.
तुह्या मशीनले नोको दाखवू, ओला हाये.

रात्री तिथेच, शेकोटीपाशी,
पोत्यांना पाठ टेकून.
मी घरून चादर आणली तर म्हणाली,
धानावर टाक. दव पडते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना
सोळा पूर्णांक नऊ.
मन्साराम हमालाने पहिलं पोतं काट्यावर ठेवलं.
चाळीस किलो धानाचे,
वरचे सहाशे ग्रॅम बारदान्याचे.
एक, तो ओरडला.
लाभ, मागून आई, ओठांतल्या ओठांत.

मी बोट की-बोर्डवर धरून थांबले.
त्या रकान्यात अक्षर चालत नाही.

बारा पोत्यांची पावती
तिने न वाचता पदराच्या गाठीत बांधली.
ट्रॉलीत चढताना
वळून एवढंच म्हणाली,
ढोली सारवाची हाये.
रविवारी येजो.