ङ ला चित्र नसतं

इङ्गा उत्सी,
नगरपालिका, पाणीपट्टी विभाग, दुसरा मजला.
खिडकीतून फ्योर्ड दिसतो, म्हणजे दिसेल तेव्हा;
फिनमार्कच्या या किनाऱ्यावर नोव्हेंबर सरताना सूर्य जातो
तो जानेवारीतच तोंड दाखवतो.

दर महिन्याच्या बारा तारखेला पगाराची चिठ्ठी,
आणि चिठ्ठीवर तिचं नाव असं:
इ▢गा.
मधली चौकट
खिडकी उपटून नेलेल्या भिंतीसारखी.

सामी भाषेत ते एकच अक्षर आहे,
खाली शेपूट, उच्चार नाकातला.
आमच्या जुन्या यंत्रणेला ते माहीत नाही.
तिची तक्रार माझ्या टेबलावर आली.
मी शेरा मारला: किरकोळ. सवडीने.
पुढच्या वर्षी आली, तेव्हाही.
सवड हा फार ताणला जाणारा शब्द आहे.

फेब्रुवारीत मात्र सगळं बिनचूक.
सहा तारखेला झेंडा, कॅन्टीनमध्ये चार रंगांचा केक,
आमचे प्रमुख तोर्गेइर 'समावेशन' म्हणतात
तेव्हा त्यांचा हात आपसूक तिच्याकडे वळतो,
जणू ती नकाशावरचं एखादं ठिकाण.
ती निळ्या गाक्तीत, लाल किनार, छातीवर चांदी,
फोटोत कायम मधोमध.
फोटोखाली छापलेलं: इ▢गा.

सातव्या फेब्रुवारीत ती करडा स्वेटर घालून आली.
"गाक्ती धुवायला टाकलीस का?"
"नाही."
केक कापायच्या आधी तिने दोन मिनिटं मागितली.
दोनच घेतली.

"माझी आत्या सातव्या वर्षी वसतिगृहात गेली.
मास्तरांच्या जिभेला तिचं नाव वळेना,
त्यांनी तिला इंग्रिड करून टाकली.
बँकेत इंग्रिड, दवाखान्यात इंग्रिड, मतदारयादीत इंग्रिड.
मागून आणलेल्या कोटासारखं
सत्तर वर्षं तिने ते नाव वापरलं, जपून.
मग वृद्धाश्रमात एकेक गोष्ट विसरत गेली.
सगळ्यात आधी इंग्रिड विसरली.
नर्स हाका मारायच्या, ही खिडकीकडे बघत बसायची.
त्यांनी कागदावर लिहिलं: ऐकू येत नाही.
मी दारातूनच म्हणाले, इङ्गा.
तिने मान वळवली, रिकामा कप पुढे केला
आणि आमच्या भाषेत विचारलं,
कॉफी कुठाय?

मला तिचंच नाव ठेवलंय.
कापा केक."

सुरी कुणी उचलेना.

माझ्या अंकलिपीत
कमळ, खटारा, गवत, घर,
आणि मग एक अक्षर ज्याच्यापुढची चौकट कोरी.
बाई पट्टी टेकवून पुढे सरकायच्या,
"याचं काही नसतं गं, नुसतं म्हणायचं."
मी नुसतं म्हटलं.
पुढे कधी लागलं नाही,
एकदा 'वाङ्मय' लिहिताना लागलं,
तेही पाय मोडलेलं.

त्या संध्याकाळी मी थांबले.
अक्षरांचं कोष्टक बदललं, एक ओळ घातली,
एक कागद छापून पाहिला.
घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.
पुन्हा बघितलं.
अकराच.

मार्चच्या बाराला चिठ्ठी आली.
तोर्गेइरना वाटलं बातमी द्यावी, फोटो घ्यावा,
चिठ्ठी अशी छातीशी धरून.
आणि खोटं कशाला बोलू,
मलाही आभार हवे होते.
थोडेसे. दाराआड चालले असते.

तिने नाव वाचलं.
तिथून खाली आकड्यांकडे गेली,
तिथे बराच वेळ थांबली,
मग चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली,

"शनिवारी शाळेमागची पाइपलाइन फुटली
तेव्हा मी आठ तास होते.
इथे सहाच लिहिलेत."