मोजलं नाही

जतच्या कचेरीत माझ्या टेबलावर
दर महिन्याला चौदा विहिरी यायच्या,
कागदावर, एका रांगेत,
प्रत्येकीच्या पोटात एकेक आकडा.

सात नंबरची विहीर : पाणी साडेसहा मीटरवर.
डिसेंबरात साडेसहा. जानेवारीत साडेसहा.
मार्चात, कचेरीतला माठ दोनदा भरावा लागायचा
तेव्हाही साडेसहा.
पाणी काय फोटोला बसलंय?
मी मनातच म्हणालो,
सरासरी काढली, निळा आलेख जोडला,
बेचाळीस पानांना सुतळी बांधली
आणि सहीला पाठवलं.
आलेख छान आलाय, असा वरून निरोप आला.

त्याच आलेखावरून एप्रिलात ठरलं :
उमदीकडच्या वस्तीला टँकर नको.

मग मी एसटीनं गेलो.
सात नंबरच्या तळाला
एक प्लास्टिकची चप्पल उन्हात वाकडी झालेली,
आणि काठावर घागरींची रांग,
माझ्या तक्त्यापेक्षा सरळ.

मोजणारा गुरुपाद. माणूस खोटारडा नव्हे.
म्हणाला, "टेप दिवाळीतच तुटली, साहेब.
दोन अर्ज दिले.
रकाना मोकळा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं सरकत नाही.
मागचा आकडा टाकला की सरकतो."

मी पाण्याचा तांब्या मागणार होतो, मागितला नाही.
तो रकाना मीच आखला होता.
'भरणे अनिवार्य', तांबड्या अक्षरांत,
तेही माझंच.

परत येऊन रकान्याशेजारी
एक बारका चौकोन काढला : मोजलं नाही.
आणि खाली एक ओळ, का ते लिहायला.
साहेब म्हणाले, वर काय तोंड दाखवायचं?
मी म्हणालो, तेच, जे आहे ते.
म्हणालो म्हणजे, पुटपुटलो.

आता नवी टेप शिवव्वा बिरादारकडं असते.
ती पहाटे जाते, मोटारी सुरू व्हायच्या आत,
काठावरच्या त्याच दगडावरून, चुन्याची खूण केलेल्या.
टेपच्या टोकाला खडू घासते,
सोडते, ओढते,
ओला खडू कुठवर ते बघते. परत सोडते.
दोन्ही आकडे लिहिते. जुळले नाहीत तर तिसरा.
इराप्पा एकदा भांडायला आला,
माझ्या विहिरीला पाणी आहे म्हणून.
तिनं टेप त्याच्याच हातात दिली.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला,
मग टेप पुसून, नीट गुंडाळून दिली.

बेचाळीस पानांचं आता एक पान.
आलेख मागच्या बाजूला. वरती, मोठ्या अक्षरांत :
चार आणि अकरा पिण्यासाठी राखा,
तिथून डाळिंबाला उपसा नको.
सात : टँकर, उद्यापासून.
नऊ : ठाऊक नाही. माणूस पाठवा.

हे शेवटचं लिहिताना
पहिल्या दिवशी हात अडखळला होता.

आलेख आता तुटका येतो,
मधले दात पडल्यासारखा. छान आलाय
असं कुणी म्हणत नाही.
टँकर मात्र फाट्यावर डावीकडं वळतो.

ती चप्पल कुणाची होती,
मी त्या दिवशी विचारलं नाही.
का, ते लिहायच्या ओळीवर
अजून काही सुचलेलं नाही.