दुसरा निरीक्षक

ओरनने हात झटकला
की मी कागदावर एक उभी रेघ मारते.
चार झाल्या की पाचवी आडवी.
झटकणं कमी करायचं नाही, त्याची आई डर्वला
पहिल्याच दिवशी बजावून गेली,
ते त्याचं आहे. त्याने काहीतरी मागावं, एवढंच बघ.
चौथ्या वर्षाअखेर माझ्याकडे
रेघांचे तीन खोके आहेत,
आणि कोलरेनमध्ये एक खोली, जिला बॅन नदीचा
फक्त वास येतो.

"का" विचारायचं नाही, असं शिकवलंय मला.
आधी काय घडलं, मग काय केलं, मग काय मिळालं.
"कंटाळला" असं लिहिलं होतं एकदा.
प्राध्यापकांनी खोडून समासात लिहिलं:
किती सेकंद?

घरून बाबा विचारायचे, संपलं का गं ब्रोना?
पाच आठवडे मी फोन उचलला नाही.
आधी दिवसातून एकदा, मग चारदा,
मग रात्री अकराला,
मग एकदम थांबले.
या वक्राला काय म्हणतात ते मला माहीत आहे.
त्याने काही बरं वाटलं नाही.

मंगळवारी सत्र संपल्यावर
ओरनने टेबलाखालून वही काढली.
जांभळ्या खडूच्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी,
पानामागून पान.
तो बोलत नाही. बोट ठेवलं फक्त
माझ्या पेनाच्या खटक्यावर,
जो मी दाबत असते, म्हणे,
मला कधी ऐकूच आला नव्हता.

रात्री चित्रफीत लावून मोजलं.
माझे एकशे बारा. त्याचे एकशे अकरा.
दोन निरीक्षकांचं ऐंशी टक्के जुळलं
तरी प्रबंधाला चालतं.
जो एक चुकला, तेव्हा बाहेर कुणीतरी
कुत्र्याला शिट्टी घालत होतं
आणि ओरन कुत्र्याची वाट बघत होता.

बुधवारी लाजून पेन्सिल नेली.
त्याने वही उघडली, खडू धरला.
थांबला.
बराच वेळ (किती सेकंद, सांगता येणार नाही).
मग उठला, माझ्या पिशवीत हात घालून
जुनं पेन काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं,
आणि माझ्याकडे पाहिलं.

"मागणी" नावाचा रकाना
चार वर्षं कोरा होता माझ्याकडे.

टक.

त्याने एक रेघ मारली.
मीही.