एकच खिळा

मानेवाड्यातली वरची खोली देताना
हेडाऊ काकूंनी दोन अटी घातल्या.
भाडं पाच तारखेला.
आणि भिंतीले खिळा नाही.
"पोपडे निघते वो बाई, मंग भरून कोन देते?"

भिंत तशीच राहिली.
आधीच्या बिऱ्हाडाच्या कॅलेंडरचा
एक फिकट चौकोन तेवढा होता तिच्यावर.
जेवताना आम्ही दोघं त्याच्याकडे बघायचो,
जशा काही बातम्या लागणार आहेत.

एप्रिल सरता सरता हातात साडेतीनशे उरले.
ऊन कलल्यावर इतवारीत गेले.
गोटा, लेस, लटकन, टिकल्या,
दुकानदार डझनानं बोलत होता, मी नगानं.
आरशांचं एक पाकीट, सुतळीची गुंडी,
चमकीची डबी, फेविकॉल, दोन्हीकडून चिकटणारी टेप,
कडेला फुटलेलं एक लाकडी कडं निम्म्या भावात,
मणी मोजून चाळीस.
एक्केचाळिसावा त्यानं आपणहून टाकला,
तो मी वाटभर मुठीत धरून आणला.

प्रज्योत कळमन्यात हिशेब लिहितो.
तिथली एक मोडकी संत्र्याची पेटी
तो स्कूटरवर मांडीत धरून घेऊन आला.
फळ्या घासल्या तर खोलीभर
हिवाळ्यातला वास, भर उन्हाळ्यात.

मग दुपारी.
कूलर लावला की चमकी उडायची,
बंद केला की माझा जीव.
फेविकॉल बोटावरच वाळायचा,
सोलून काढला की बोटाचे ठसे हाती यायचे,
पातळ, पांढरे, कुणाच्याच कामाचे नसलेले.
पोह्यात चमकी. उशीवर चमकी.
प्रज्योतच्या भुवईत एक चमकी आठ दिवस राहिली,
ऑफिसात कुणी बोललं नाही म्हणे.
मीही नाही सांगितलं.

शनिवारी सगळं टेपनं लावलं.
कडं त्या चौकोनावर, खाली फळीचं शेल्फ,
त्यावर दह्याच्या मडक्यात सुतळीची फुलं.
लांब जाऊन पाहिलं. जवळ येऊन पाहिलं.
खोली जरा उंच झाल्यासारखी वाटली.

नागपूरचा मे टेपला माहीत नसावा.
रात्री दोनला पहिलं फळी गेली,
मग मडकं,
मग कडं, आरशांसकट, सावकाश,
भिंतीवरून उतरत उतरत आल्यासारखं.

काकू बॅटरी घेऊन वर आल्या.
"काय पडलं वो? मले वाटलं कूलर फुटला."
उजेड फरशीवर फिरला,
आरशांनी तो उचलून छतावर टाकला.
काकू छताकडे बघत राहिल्या.
काही न बोलता खाली गेल्या.
वाटलं, झालं, आता खोली सोडा म्हणतील.

सकाळी आल्या ते पदराखाली काही घेऊन.
धोटा होता. काकांच्या हातमागाचा,
दोन्ही टोकांना पितळ, मधे हातानं झिजलेला.
"माग भंगारात गेला. हा मी लपवून ठेवला होता.
याचं काही होते का पाय.
पन त्याले चमकी नको लावू."

दोन दिवस तो समोर घेऊन बसले.
आरसे लावून पाहिले, काढले.
सुतळी गुंडाळली, सोडली.
शेवटी खोबरेल तेल लावून पुसला,
पितळ चिंचेनं घासलं,
आतल्या कांडीवर नारिंगी सूत भरलं,
आणि तो एक्केचाळिसावा मणी
सुताच्या टोकाला बांधला.
एवढंच.

काकूंनी धोटा हातात घेतला,
डाव्या हातातून उजव्या हातात सोडला,
उजव्यातून डाव्यात.
"असा जाये," म्हणाल्या.
नंतर नाक पुसून,
"भाडं पाचलेच हो."

आणि कंबरेची हातोडी काढली.
भिंतीवर बोटानं ठोकत ठोकत
विटांची फट शोधली, कान लावून,
आणि चौकोनाच्या बरोबर वर नाही,
चार बोटं डावीकडे
खिळा मारला.
"एकच," म्हणाल्या.

कडं तिथंच टांगलंय.
चौकोन अर्धा झाकला, अर्धा दिसतो.
कूलरच्या वाऱ्यानं ते भिंतीला टकटक करतं,
आणि खालून, काकूंच्या खोलीतून,
कधी कधी
झाडूच्या दांड्यानं कुणी उत्तर देतं.